पार्ट बदला, नाहीतर भंगारात घाला

चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीवर आपल्याकडे आता दोनच इलाज उरलेत. पार्ट बदला, नाहीतर भंगारात घाला. गाडी का बंद पडते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारलाच तर गॅरेजवाला वैतागतो आणि गिऱ्हाईक घड्याळ बघतं. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या बाजूने आहे. मी मेकॅनिक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो, बी.एड. आहे. बी.एड.ला ‘निदानात्मक चाचणी’ नावाचं एक प्रकरण असतं. त्या प्रकरणात जे लिहिलंय ते प्रत्यक्षात करणारा माणूस मी एकदाच पाहिला, आणि तो चाकणजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, हाताला ग्रीस लागलेला. त्या माणसाची आपल्या समाजात काय किंमत आहे, यावर मला बोलायचंय. पण आधी गाडीबद्दल.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये उभी राहिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळची इटलीची फियाट ११००. इथे १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून निघाली, १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. पण लोक शेवटपर्यंत तिला ‘फियाट’च म्हणत राहिले. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, तेही बरीच वर्षं स्टेअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळून बातम्या केल्या. खासगी मालकांकडे मात्र काही गाड्या अजून आहेत. त्यातली एक माझ्या मामूंकडे, १९८८ ची.

जुन्या गाडीचं एक बरं असतं. तिच्यात लपवायला काही नाही. बॉनेट उघडलं की जमीन दिसते. कार्बोरेटर, पेट्रोल ओढणारा पंप (जुने मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात, त्याचा थंड हवेशी काही संबंध नाही), कॉइल, डिस्ट्रिब्युटर, चार प्लग. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते दाबणारं काँप्रेशन, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन बंद पडू शकत नाही. बंद पडलं म्हणजे तिन्हींपैकी एक गेलं. कोणतं, एवढंच शोधायचं असतं.

मामूंची गाडी राजगुरुनगरच्या बाजारपेठेत दिवसभर फिरायची, तक्रार नाही. चाकणपर्यंत सपाट रस्त्याने जायची, तक्रार नाही. मंचरकडे निघालं आणि जुना खेड घाट चढायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर झटके द्यायची आणि बंद. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवतायत, मामी आत बसून दुआ करतायत. दहा मिनिटं थांबलं, जरा वेळ सेल्फ मारला की पुन्हा सुरू. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

पहिल्या गॅरेजने कार्बोरेटर खोलून साफ केला, किट बदललं. घाटात बंद. दुसऱ्याने सांगितलं की कार्बोरेटरच गेलाय, नवा बसवू, सोबत कॉइलही बदलू. घाटात बंद. तिसऱ्याने पंप बदलला. घाटात बंद. एकूण साडेतेरा हजार रुपये झाले. चौथ्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, “चाचा, आता हिला भंगारात द्या. मॉडेल संपलं, पार्ट मिळत नाहीत.” पार्ट मिळत नाहीत, हे त्या माणसाला सांगितलं गेलं ज्याच्या गाडीत तीन नवे पार्ट नुकतेच बसलेले होते.

मग कोणीतरी त्या सत्तरीतल्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. मी मामूंसोबत गेलो. मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. स्टूल पुढे ओढलं आणि मामूंना प्रश्न विचारायला लागले. बंद पडते ती थंड असताना की तापल्यावर? एकदम मरते, बटण दाबल्यासारखी, की धापा टाकत? सिग्नलला उभी असताना कधी बंद पडली? चढावर पडते म्हणता, तर उतारावर? टाकी भरलेली असताना आणि अर्धी असताना फरक आहे का? पावसात? क्लच दाबून गिअर टाकताना, की गाडी ओढत असताना? झटके सुरू झाल्यावर चोक ओढून पाहिला का?

मामूंनी चोक ओढून पाहिला होता. “हां, जरा सँभलती है,” ते म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. माझ्याकडे बघून म्हणाले, “सर, गाडी को बीमारी नै है. भूक है.”

या प्रश्नांत किती गाळणी आहेत बघा. गाडी एकदम, बटण दाबल्यासारखी मरत असेल तर संशय करंटवर: कॉइल, कंडेन्सर, पाईंट, एखादी ढिली वायर, इग्निशनची किल्ली. तापल्यावर एकदम मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते, तर कंडेन्सर किंवा कॉइल. पावसात मरते, तर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल. सिग्नलला उभी असताना मरते पण वेगात ठीक चालते, तर स्लो जेट तुंबलाय किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फालतू हवा आत जातेय. गिअर टाकताना मरते, तर क्लच नीट सुटत नसेल, आणि कधी कधी दोष गाडीचा नसून चालवणाऱ्याच्या डाव्या पायाचा असतो. झटके देत, धापा टाकत, तेही जास्त जोर लागतो तेव्हाच मरत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. सपाटीला इंजिन थोडं पितं, तेवढं मिळतं. चढावर जास्त मागतं, तेव्हा मिळत नाही. चोक ओढल्यावर हवा कमी होते, त्यामुळे उरलंसुरलं पेट्रोल पुरतं आणि गाडी क्षणभर सावरते. एवढं सगळं स्टुलावर बसून कळलं होतं. दुसऱ्या गॅरेजने काढलेली कॉइल तर या उत्तरांनंतर संशयितांच्या यादीतसुद्धा नव्हती.

पण मिस्त्री अंदाजावर थांबले नाहीत. आमच्यासोबत घाटात आले. गाडी नेहमीच्या जागी मेली. त्यांनी ताबडतोब, सेल्फ न मारता, एअर फिल्टर काढला, कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून हाताने ॲक्सिलरेटर दाबला. एरवी दाबलं की आत पेट्रोलची बारीक धार उडते. उडाली नाही. म्हणजे कार्बोरेटरची वाटी कोरडी. कार्बोरेटर बेकसूर, त्याच्यापर्यंत माल पोचतच नाही. मग एका प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. निळी, खणखणीत. करंट बेकसूर. टाकीचं झाकण ढिलं केलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण ढिलं ठेवून पुन्हा चढलो. पुन्हा मेली. झाकणही बेकसूर.

शेवटी त्यांनी पंपाची ओढणारी नळी मागच्या लाइनीपासून सोडवली आणि एका पत्र्याच्या छोट्या डब्यातल्या पेट्रोलमध्ये बुडवली. डबा सायलेन्सरच्या बाजूपासून लांब, नीट बांधून. (हा प्रयोग वाचून कोणी घरी करू नये. तापलेलं इंजिन आणि उघडं पेट्रोल यांची सोयरीक जमवायला चाळीस वर्षांचा हात लागतो.) गाडी घाट चढून वर गेली. एकही झटका नाही.

म्हणजे पंप ठीक, कार्बोरेटर ठीक, करंट ठीक. दोष डब्याने वगळलेल्या भागात, टाकी आणि पंप यांच्या मधे. तिथे असतंच काय? एक लोखंडी नळी आणि तिच्या टोकाला रबराचा तुकडा. त्या रबराला क्लिपखाली बारीक चिरा पडल्या होत्या. बाहेर थेंबही नव्हता, म्हणून तिघांनाही दिसलं नाही. पण त्या भागात पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. फट पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप अर्धं पेट्रोल, अर्धी हवा ओढत बसतो. हातभर नळी आणि दोन क्लिपा. दीडशे रुपये.

मिस्त्रींनी एकूण साडेपाचशे मागितले. नळीचे दीडशे, बाकी मेहनतीचे. आणि मामूंनी, ज्यांनी तीन गॅरेजेसना साडेतेरा हजार मुकाट्याने मोजले होते, त्या मामूंनी घासाघीस केली. “पाइप तो डेढसौ का है ना. बाकी काय के?”

माझ्या मते रोग इथे आहे, रबराच्या नळीत नाही. आपण वस्तूचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. डब्यात बांधलेला, बिल असलेला नवा पंप दिसला की खिसा उघडतो. तीन तास खर्च करून ‘पंपाला काही झालेलं नाही’ हे शोधून काढणाऱ्याला आपण म्हणतो, काही केलंच नाहीस तर पैसे कशाचे? मग गॅरेजवाला काय करणार? तो शहाणा आहे. विचार करण्याचे पैसे मिळत नाहीत, पार्टवर कमिशन मिळतं, तर तो पार्ट विकतो. नव्या पोरालाही तेच शिकवतो. त्यामुळे बंद पडणाऱ्या गाडीचं निदान करता येणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि हे आपल्या खिशाने घडवून आणलंय. गॅरेजवाल्यांना लबाड म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते मान्य नाही.

ती नळी का चिरली, हेही सांगायला हवं, कारण त्यातही हाच घोळ आहे. रबर छत्तीस वर्षांत कधीतरी चिरतंच. पण अलीकडे पेट्रोलमध्ये उसापासून आणि धान्यापासून बनणारं इथेनॉल मिसळलं जातं. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचं लक्ष्य गाठलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांचं. इथेनॉल पाणी शोषतं, टाकीच्या तळाचा जुना गाळ सोडवतं, आणि त्या काळातल्या रबराला मानवत नाही. २० टक्के मिश्रणाला टिकेल असं साहित्य वापरलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. पद्मिनी तर गेल्या शतकातली. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ आहे. खर्च किरकोळ आहे हे खरंच. पण कोणता रबरी भाग, हे सांगणारा माणूस किरकोळ नाही. आता तर उलटी गंमत सुरू झालीय. कुठलीही गाडी बंद पडली की चहाच्या टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत एकच उत्तर: “इथेनॉलमुळे होतंय.” न तपासता दिलेलं हे उत्तर आणि न तपासता बदललेला कार्बोरेटर, दोन्ही एकाच घरातले.

आता माझ्या धंद्याकडे येतो.

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोगाचं मूळ ओळखणं. दुसरा ‘कमीत कमी’: निदान एवढं तरी कर. उर्दूत निदानाला ‘तशखीस’ म्हणतात. हा शब्द ‘शख्स’ या धातूतून येतो, ज्यातून ‘शख्स’ म्हणजे व्यक्ती आणि ‘शख्सियत’ म्हणजे व्यक्तिमत्त्व आलं. तशखीस म्हणजे समोरच्याला गर्दीतून वेगळं काढून ‘हा हाच’ म्हणून ओळखणं. सगळ्या बंद पडणाऱ्या गाड्या एक नव्हेत, ही गाडी, या घाटात, या चढावर. मिस्त्रींचे प्रश्न म्हणजे शब्दशः तशखीस होती.

आणि वर्गात आपण काय करतो? उर्दू घरातून आलेला मुलगा मराठीच्या वहीत ‘ती पुस्तक’ लिहितो, ‘शाळा’ला ‘शाला’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ लिहितो. शेरा पडतो: ‘भाषा कच्ची. सराव आवश्यक.’ हा शेरा म्हणजे ‘कार्बोरेटर बदला’ आहे. मग जादा तास, मग गाइड, मग शिकवणी, सगळे नवे पार्ट. आणि मुलगा नेमका त्याच वळणावर पुन्हा बंद पडतो. कारण कोणी स्टूल ओढून विचारत नाही की हा नेमका कुठे चुकतो आणि कुठे चुकत नाही. उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे, म्हणून तो ‘ती पुस्तक’ लिहितो. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच, म्हणून ‘ते’ त्याला सुचत नाही. ‘ळ’ उर्दूच्या लिपीत नाही, घरच्या बोलण्यातही नाही, ‘ण’चंही तेच. ‘तो मुलगा’, ‘ती मुलगी’ हे मात्र तो बरोबर लिहितो. म्हणजे त्याची भाषा कच्ची नाही. त्याच्याकडे एक पूर्ण, चालतं इंजिन आहे, फक्त एका जागी नळीतून दुसरी हवा शिरतेय. दोन आठवडे फक्त नपुंसकलिंगी शब्दांवर काम केलं तर तो घाट चढतो. मी हे वर्गात केलंय आणि होताना पाहिलंय. पण त्यासाठी प्रत्येक मुलाची वही वेगळी वाचावी लागते, आणि शिक्षकालाही विचार करण्याचे पैसे मिळत नाहीत, रकाने भरण्याचे मिळतात.

गंमत अशी की ज्या मुलावर ‘भाषा कच्ची’ असा शेरा पडतो, त्याला आपण धमकी कसली देतो? “अभ्यास कर, नाहीतर गॅरेजला घालतील.” शिक्षक देतात, आईबाप देतात, जुम्म्याच्या बयानात मौलानाही देतात.

१४ एप्रिल २०२५ ला हिस्सारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिक वापर झाला असता, तर मुस्लीम तरुणांना सायकलचं पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. आपल्याकडे संताप झाला, तो योग्यच होता. ‘पंक्चरवाला’ ही शिवी त्याआधीपासून समाजमाध्यमांवर फिरत होती. पण आपण उत्तर काय दिलं ते आठवून बघा. आपल्यातल्या डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची, शास्त्रज्ञांची यादी फिरवली. यादी खरी होती. तरी त्या यादीने शिवी देणाऱ्याचं म्हणणं मान्यच केलं: पंक्चर काढणं लाजिरवाणं आहे, आमच्यात पंक्चर न काढणारेही आहेत हो! एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की पंक्चर काढणं हे काम आहे, कष्टाचं आहे, आणि शिवीची लाज काम करणाऱ्याने नव्हे, देणाऱ्याने बाळगावी.

आपल्या जलशांत अल-जझारीचं नाव हमखास निघतं. दियारबकिरच्या दरबारातला कारागीर, १२०६ मध्ये यंत्रांवर ग्रंथ पुरा केला, त्यात पाणी उपसणारा पंप आहे, फिरत्या गतीचं पुढेमागे जाणाऱ्या गतीत रूपांतर करणारी क्रँकची रचना आहे. टाळ्या पडतात. आज प्रत्येक मोटारीच्या पोटात क्रँक आहे. पण तो क्रँक ज्याला कळतो तो माणूस त्या जलशात कुठे बसलेला असतो? चपलांपाशी. निकाह ठरवताना ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला ‘गॅरेज आहे’ हे उत्तर आलं की मुलीकडच्यांचा चहा थंड होतो. आठशे वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीचा अभिमान आणि शेजारच्या मिस्त्रीची लाज, या दोन गोष्टी एकाच छातीत कशा राहतात, हे मला कळत नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे आणि नियमित पगारी नोकरीचं कमी. आपण तो अहवाल मागासलेपणाचा दाखला म्हणून वाचला. तो दाखला आहेच. पण त्यात दुसरीही गोष्ट आहे. लाखो माणसांच्या हातात असं कौशल्य आहे, ज्याची कुठल्याही कागदावर नोंद नाही. कागद नाही म्हणून पगार नाही, कर्ज नाही, इज्जत नाही.

इथे कोणीतरी म्हणेल की सर, तुम्ही गॅरेजला फार गोड रंग देताय. नाही देत. त्या शेडमध्ये एक पोरगंही होतं, सगळे ‘छोटू’ म्हणत होते. वय विचारलं तर मिस्त्री म्हणाले, बहिणीचा नातू आहे, सुट्टीत येतो. मी विश्वास ठेवला, पण पुढच्या सोमवारी त्याच्या शाळेत खात्री करून घेतली. उस्ताद-शागिर्दीत चापट आहे, शिवी आहे, वर्षानुवर्षं फुकट राबवणं आहे, आणि ‘खरी गोष्ट’ शागिर्दापासून लपवून ठेवणंही आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. मुलांनी शाळा सोडून गॅरेजात जावं असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो, गॅरेजातली अक्कल शाळेत यावी. या दोन वाक्यांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी पुढे वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आलं. चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या गाड्यांना स्कॅनर लावला की दोष पडद्यावर येतो. जुन्या मिस्त्रीची तशखीस काय कामाची? मी हा प्रश्न पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्याला विचारला. त्याने उदाहरण दिलं. गाडी उभी असताना बंद पडते, स्कॅनर दाखवतो: पी ०१७१. अर्थ एवढाच की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. आता पेट्रोलचा पंप कमजोर आहे, की फिल्टर तुंबलाय, की एखाद्या फाटक्या नळीतून जास्तीची हवा शिरतेय, की हवा मोजणारा सेन्सरच खोटं बोलतोय, हे पडदा सांगत नाही. म्हणजे मशीन जे सांगतं ते मिस्त्रींनी स्टुलावर बसून सांगितलं होतं: गाडी भुकेली आहे. भूक का लागली हे माणसालाच शोधावं लागतं. ज्याला शोधता येत नाही तो सेन्सर बदलतो, आणि आजचा सेन्सर काही दीडशे रुपयांना येत नाही.

मग करायचं काय? नवी योजना आणा, असं मी म्हणत नाही. ज्या आहेत त्याच वापरा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. धोरणात सुतार, माळी, कुंभार यांची उदाहरणं आहेत. बहुतेक शाळा मातीचा दिवा करून घेतात आणि फोटो वर पाठवतात. देशातल्या मोठ्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात, जिथे आमच्या मुलांचे निम्मे बाप कुठल्या ना कुठल्या गेटवर कंत्राटी पास दाखवून आत जातात, तिथे मोटर मिस्त्री या यादीत का नाही? आणि ही कल्पना काही परकी नाही. हाताच्या कामातून शिक्षण या विचाराची १९३७ च्या वर्धा योजनेत ज्या समितीने मांडणी केली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. बी.एड.च्या परीक्षेत ते पाच मार्कांना येतात, आणि परीक्षा झाली की विसरले जातात.

मिस्त्रींसाठीही वाट आहे. पूर्वानुभवाला मान्यता देणारं प्रमाणपत्र कौशल्य विकास योजनेत मिळतं. आमच्या भागातल्या जमातींनी, ज्या दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतात, त्यांनी एक वर्ष हारतुऱ्यांचा खर्च वाचवून अशा पन्नास मिस्त्रींचे अर्ज भरून द्यावेत. अर्ज भरणं त्यांना जमत नाही. ते आम्हा शिक्षकांना जमतं, तेवढं तरी आम्ही करावं. दहावीनंतर ज्याला खरंच गाड्यांत रस आहे त्याला आयटीआयच्या दोन वर्षांच्या मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या कोर्सला अभिमानाने पाठवावं, नापास झाल्याची शिक्षा म्हणून नव्हे. आणि गिऱ्हाइकांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, गॅरेजात गेल्यावर पहिलं वाक्य बदलावं. ‘किती खर्च येईल’च्या आधी विचारावं, ‘तपासायचे किती घ्याल?’ आणि ते मोजावेत, दोष सापडो वा न सापडो.

मामूंकडून राहिलेले चारशे मी नंतर नेऊन दिले. शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे मी अर्ज दिलाय: दप्तराविना दहा दिवसांपैकी दोन दिवस मोटर मिस्त्रींसाठी, मानधनासह. एका सदस्याने विचारलं की मुलं काय ऑइलने हात काळे करणार का? दुसऱ्याने विचारलं की मिस्त्रींचं शिक्षण किती? मी ‘चौथी’ असं खरं उत्तर दिलं. निर्णय पुढच्या बैठकीत आहे. मिस्त्री यायला तयार आहेत. त्यांच्या दोन अटी आहेत. फळ्यावर काही लिहायला सांगायचं नाही, आणि बंद पडणारी गाडी खरी असली पाहिजे, मुद्दाम वायर काढून ठेवलेली नको.